ठेवणीतली गोळी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या पिढीच्या बायकांना एक सवय असते. चांगलं ते ठेवून द्यायचं. चांगली चादर पाहुण्यांसाठी, चांगल्या कपबश्या सणासाठी आणि लग्नातला शालू पुढं कधीतरी कुणाच्या तरी लग्नासाठी. माझा शालू मी वीस वर्षं ट्रंकेत, डांबराच्या गोळ्या घालून जपला. भाचीच्या लग्नात नेसावा म्हणून बाहेर काढला, तर घडीघडीवर चिरलेला! शालूचं एवढं काही नाही. पण याच सवयीनं मी एकदा एक औषध ठेवणीत ठेवलं. ते औषध माझं नव्हतं, माझ्या यजमानांचं होतं. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

आमचं गाव तासगावजवळचं. हे तलाठी होते. सातबारा हातानं लिहायचे ते दिवस. यांचं अक्षर असं, की शेतकरी म्हणत, "अण्णासाहेबांनी लिहिलेला उतारा कोर्टात नुसता ठेवला तरी पुरे." २००९ साली निवृत्त झाले. त्यानंतरही अर्ज लिहून घ्यायला माणसं ओट्यावर येऊन बसायची.

२०१२ मध्ये बँकेतून चेक परत आला. सही जुळत नव्हती. मी म्हटलं, घाईत केली असेल. यांनी पुन्हा केली. पहिलं अक्षर नेहमीसारखं, दुसरं लहान, आणि शेवटाला मुंग्या गेल्यासारखी ओळ. त्यानंतर एकेक गोष्ट ध्यानात येत गेली. चालताना उजवा हात हलायचा नाही, अंगाशी चिकटून असायचा. फोडणीला हिंग जळला तरी यांना वास येत नसे. शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागायची. मुलानं मिरजेच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडं नेलं. त्यांनी यांना चालायला लावलं, चिमटीनं टिचक्या मारायला लावल्या, मनगट फिरवून बघितलं आणि सांगितलं, "काका, हा पार्किन्सन आहे."

हे नाव एका माणसाचं. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरनं १८१७ साली या आजारावर पहिला निबंध लिहिला. त्यांचा जन्मदिवस, ११ एप्रिल, हा आता जगभर पार्किन्सन दिन म्हणून पाळतात. आजार होतो तो असा. मेंदूच्या तळाशी काळसर रंगाच्या पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. आपली हालचाल सहज, सलग व्हावी म्हणून ते लागतं. या पेशी हळूहळू मरत जातात. हाताला कंप दिसेपर्यंत त्यातल्या पुष्कळशा गेलेल्या असतात. डोपामिन तोंडावाटे देऊन उपयोग नाही, ते मेंदूत शिरत नाही. म्हणून लेव्होडोपा देतात. ती मेंदूत जाते आणि तिथं तिचं डोपामिन होतं.

डॉक्टरांनी तीच गोळी लिहून दिली. पहिला आठवडा अर्धी-अर्धी तीन वेळा, मग वाढवत एक-एक. पुढं लागेल तशी आणखी.

आणि मग मी एक गोष्ट ऐकली. ओळखीच्या एका बाईंच्या सासऱ्यांना हाच आजार. त्या म्हणाल्या, "वहिनी, जपून हं. ही गोळी चार-पाच वर्षंच चालते. मग अंगवळणी पडते आणि हातपाय आपोआप नाचायला लागतात. लवकर सुरू केली की लवकर संपते."

झालं! मी मनाशी हिशेब केला. यांचं वय एकसष्ट. पाच वर्षांत गोळी संपली तर पुढं काय? म्हणजे ती पुरवून वापरली पाहिजे. गोळ्यांचा डबा माझ्या ताब्यात होता. डॉक्टरांनी एक सांगितली, मी अर्धीच देत राहिले. यांना सांगितलं, डॉक्टर म्हणालेत अर्धीच. यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनीचे हिशेब तपासले, पण माझ्या डब्याचा हिशेब कधी मागितला नाही.

दर तीन-चार महिन्यांनी आम्ही मिरजेला जायचो. डॉक्टर विचारायचे, गोळ्या वेळेवर घेता ना? मी म्हणायची, हो. त्यांना फरक दिसेना. त्यांनी एकाची दीड केली. कागदावर दीड आणि पोटात अर्धी, असं आमचं अडीच वर्षं चाललं.

त्या अडीच वर्षांत काय झालं ते सांगते. यांनी लिहिणं सोडलं. सकाळी पारावर पेपर वाचायला जायचे, ते बंद झालं, कारण पायऱ्या उतरताना पाय जमिनीला खिळायचे. लोक अर्ज घेऊन येईनात. चेहऱ्यावरचं हसू गेलं. माणूस रागावलाय की काय, असं नातवंडांना वाटायचं. एकदा मोरीत पडले, मनगट मोडलं. आणि मी मनात म्हणायची, आत्ता सोसू, पुढच्यासाठी गोळी शिल्लक राहील.

२०१५ च्या सुरुवातीला डॉक्टर गंभीर झाले. म्हणाले, "काकू, एवढा डोस देऊनही काकांना उतार नाही, हे मला बरं वाटत नाही. खऱ्या पार्किन्सनला ही गोळी लागू पडतेच. ती लागू पडत नसेल तर हा पार्किन्सनसारखा दिसणारा दुसरा, जास्त झपाट्यानं वाढणारा आजार असू शकतो. आपण मेंदूचा एमआरआय करू. आणि तोवर गोळी दोनपर्यंत नेऊन बघू."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. माझ्या खोटेपणामुळं यांच्या नावावर भलताच आजार लागत होता. त्याच खोलीत, यांच्यासमोर, मी सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर रागावले नाहीत. हे तर काहीच बोलले नाहीत. नुसते माझ्याकडं बघत राहिले. त्या आजारात चेहरा तसाही बोलत नाही, त्यामुळं त्या बघण्याचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले, "काकू, डोस ठरवणं म्हणजे हिशेब आहे. तुम्ही मला खोटी आणेवारी दिलीत, मी तिच्यावर सारा ठरवत बसलो." तलाठ्याच्या बायकोला याहून स्पष्ट काय सांगायचं!

मग त्यांनी मला नीट समजावलं. गोळी थकत नाही, पेशी थकतात. पेशी मरतात त्या आजारानं, गोळीनं नव्हे. सुरुवातीला मेंदूत डोपामिन साठवून ठेवणाऱ्या पेशी बऱ्यापैकी असतात. म्हणजे घरात मोठा रांजण आहे असं समजा. नळ दिवसातून तीनदा आला तरी पाणी दिवसभर पुरतं. लेव्होडोपा रक्तात फार वेळ टिकत नाही, साधारण तासा-दीड तासात निम्मी होते, तरी रांजण असल्यामुळं जाणवत नाही. वर्षं जातात तसा रांजण लहान होत जातो. शेवटी नळ असेल तेव्हाच पाणी, गेला की कोरडं. म्हणून गोळीचा असर लवकर उतरतो. अंग आपोआप हलणं येतं तेही बरंचसं याचमुळं. तुम्ही नळ बंद ठेवलात म्हणून रांजण काही वाचत नाही.

त्यांनी एका अभ्यासाची हकीकतही सांगितली, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या. आफ्रिकेतल्या घाना देशातल्या आणि इटलीतल्या रुग्णांची तुलना केली होती. इटलीतल्या लोकांना आजार सुरू झाल्यावर सरासरी दोन-अडीच वर्षांत लेव्होडोपा मिळाली. घानात औषध सहज मिळत नव्हतं, त्यांना ती चार वर्षांनी मिळाली. तर मग घानातल्या लोकांना अंग हलण्याचा त्रास दोन वर्षं उशिरा सुरू व्हायला हवा होता की नाही? तसं झालं नाही. आजार सुरू झाल्यापासून मोजलं, तर दोन्हीकडं तो त्रास जवळपास एकाच सुमारास आला. म्हणजे घानातल्या लोकांना उशीर करून काही मिळालं नाही. मधली वर्षं तेवढी वाया गेली. त्यांना औषध मिळतच नव्हतं. माझ्या कपाटात ते भरलेलं होतं.

पुढं २०१९ मध्ये नेदरलँड्समधला आणखी एक अभ्यास आला. ४४५ रुग्ण. निम्म्यांना लगेच औषध दिलं, निम्म्यांना ४० आठवडे थांबवून. ८० आठवड्यांनी पाहिलं तर दोन्ही गट सारखेच. लवकर सुरू केल्यानं आजार थांबत नाही, पण बिघडतही नाही. हे तेव्हाच मला माहीत असतं तर, असं वाटतं. पण खरं सांगायचं तर माझ्या डॉक्टरांना विचारण्याइतकं तरी मला तेव्हाही माहीत होतं. मी विचारलं नाही, शेजारणीचं ऐकलं.

याचा अर्थ भरपूर गोळ्या द्याव्यात असा नाही हं. जास्त डोसाला त्रास आहेच. २००४ साली अमेरिकेतून आलेल्या एका अभ्यासात दिवसाला १५०, ३०० आणि ६०० मिलिग्रॅम अशी तुलना केली होती. ६०० वाल्यांची हालचाल सगळ्यांत सुधारली, पण अंग हलण्याचा त्रासही त्यांनाच जास्त झाला. वजनाचाही संबंध असतो. किरकोळ अंगाच्या बाईला आणि ऐंशी किलोच्या गड्याला एकच आकडा चालत नाही. म्हणून आमचा आकडा मी तुम्हाला मुद्दामच सांगत नाही. तो तुमच्या कामाचा नाही.

आता गोळी वाढवायची, तर अर्ध्यावरून एकदम दीडवर उडी मारायची नव्हती. तसं केलं तर उलट्या, उभं राहिल्यावर रक्तदाब उतरून चक्कर, कधी भास, असं होऊ शकतं. हळूहळू वाढवण्याचा हा धडा या औषधाच्या इतिहासातच आहे. १९६० नंतरच्या काही वर्षांत बऱ्याच डॉक्टरांनी लेव्होडोपा देऊन पाहिली. थोडी दिली की फरक पडेना, एकदम जास्त दिली की रुग्ण ओकून हैराण. जॉर्ज कोट्झियास या मूळच्या ग्रीक डॉक्टरांनी न्यूयॉर्कजवळ अगदी थोड्यापासून सुरुवात केली आणि धीरानं वाढवत दिवसाला कित्येक ग्रॅमपर्यंत नेली. १९६७ मध्ये त्यांनी निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा खिळून बसलेली माणसं चालत होती. पुढं तिच्या जोडीला कार्बिडोपा आली. ती लेव्होडोपाला वाटेतच, मेंदूबाहेर, खर्ची पडू देत नाही. त्यामुळं आता पूर्वीच्या चौथाईत काम भागतं.

या कार्बिडोपाचीही एक गंमत आहे. दुकानात मिळणाऱ्या पट्टीवर ११०, १२५, २७५ असे आकडे असतात. ते दोन्ही औषधांच्या बेरजेचे. ११० म्हणजे १०० लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा. १२५ म्हणजे १०० आणि २५. २७५ म्हणजे २५० आणि २५. एकदा औषधाच्या दुकानात १२५ नव्हती, तर त्यांनी ११० दिली. म्हणाले, "थोडाच फरक आहे, मावशी." लेव्होडोपा तेवढीच होती हे खरं, पण कार्बिडोपा निम्म्याहूनही कमी झाली आणि यांना दिवसभर मळमळत राहिलं. तेव्हापासून मी बेरजेवर जात नाही, दोन्ही आकडे वाचते. आणि मळमळीवर कुठलीही गोळी घेऊ नका. मेटोक्लोप्रमाइड हे उलटीवरचं नेहमीचं औषध डोपामिनचंच काम अडवतं. चक्करीवर सर्रास देतात त्या सिनारिझिनचंही तेच. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडं गेलात तर आधी पार्किन्सन आहे म्हणून सांगा.

त्या दिवशी डॉक्टरांनी यांना एक प्रश्न विचारला, जो मी अडीच वर्षांत एकदाही विचारला नव्हता. "काका, तुम्हाला दिवसात काय काय करता यायला हवं?"

हे बराच वेळ थांबून, बारीक आवाजात म्हणाले, "सही. आणि सकाळी पारावर जायचंय."

डॉक्टर म्हणाले, "मग आपला डोस तेवढाच. त्याहून कमी नाही, त्याहून जास्त नाही."

घरी आल्यावर यांनी शंभर पानी वही काढायला लावली. रकाने स्वतः पाडले, थरथरत्या हातानं. गोळीची वेळ, असर सुरू झाल्याची वेळ, उतरल्याची वेळ, जेवण, शेरा. शेवटच्या रकान्याला नाव दिलं 'पीकपाहणी'! तीन आठवड्यांत त्या वहीनं दाखवलं, की सकाळची गोळी अर्ध्या-पाऊण तासात लागते आणि दुपारची लागतच नाही. कारण साधं होतं. दुपारची गोळी मी जेवणाबरोबर द्यायची, आणि जेवणात डाळ, दही, उसळ. प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच दारानं शिरतात. दारात गर्दी झाली की गोळी बाहेर उभी. मग गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास द्यायला लागले. डाळ-दही बरंचसं रात्रीच्या जेवणाला नेलं. लोहाची गोळी वेगळ्या वेळेला नेली, तीही आडवी येते. दुपारची गोळी एक मिलिग्रॅमही न वाढवता लागू पडायला लागली.

दीड महिन्यानं हे पारावर गेले. मी ओट्यावरून बघत होते. उजवा हात हलत होता.

मधे एका हितचिंतकांनी खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण आणून दिलं. "आयुर्वेदिक आहे, काही अपाय नाही." मी डॉक्टरांना विचारलं. आता विचारायला शिकले होते. ते म्हणाले, "खाजकुयलीत लेव्होडोपाच असते. आपल्याच देशात, दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली ती त्या बियांतून वेगळी काढली. म्हणजे गोळी आणि चूर्ण हे एकच औषध दोनदा होईल. आणि चमच्यात किती आलं ते मला कळणार नाही." त्यांना औषधाचं वावडं नव्हतं, बिनमापाच्या डोसाचं होतं. चूर्ण कपाटात राहिलं.

वर्षं जात होती, रांजण लहान होत होता. तीनाच्या चार वेळा झाल्या, चाराच्या पाच. २०१९ मध्ये पुतण्याच्या लग्नात यांनी मला न सांगता एक गोळी जास्त घेतली. फार वेळ उभं राहायचं होतं ना! अक्षतांच्या वेळी यांचे खांदे, मान, कंबर डोलायला लागली. कुणी म्हणालं, अंगात आलंय. कुणी म्हणालं, घेतलीय वाटतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला आणि म्हटलं, डोस कमी करा.

डॉक्टरांनी प्रत्येक वेळची गोळी थोडी लहान केली, दोन गोळ्यांमधलं अंतर कमी केलं, आणि डोलणं आटोक्यात ठेवायला अमँटाडिन नावाची आणखी एक गोळी दिली. डोलणं जवळपास थांबलं. पण दुपारी चारच्या सुमारास हे दगडासारखे होऊन बसायला लागले. मी समाधानी होते. माणूस खुर्चीत शांत बसलेला होता, लोक बघत नव्हते.

पुढच्या भेटीत हे माझ्याकडं न बघता डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, डोलणं मला परवडतं. थिजणं परवडत नाही. डोलण्याची लाज हिला वाटते, मला नाही."

त्या अडीच वर्षांत गोळी मी पुढच्या काळासाठी वाचवली होती. आता लोकांसाठी वाचवत होते. दोन्ही वेळेला ज्याच्या पोटात ती जायची, त्याला विचारायचं राहिलं होतं. दुपारची गोळी पुन्हा थोडी वाढवली. चार वाजता हे जरा डोलतात. डोलत डोलत नातीचा अभ्यास घेतात.

अशा घरांना दोन-चार गोष्टी सांगून संपवते. गोळी स्वतःच्या मनानं वाढवू नका, आणि एकदम बंद तर कधीच करू नका. अचानक बंद केली तर तीव्र ताप, अंग ताठरणं, प्राणावरही बेतू शकतं. दवाखान्यात दुसऱ्या कशासाठी भरती व्हायची वेळ आली, तर गोळ्या आणि वेळांचा कागद बरोबर न्या, आणि वेळ चुकू देऊ नका असं तिथल्या नर्सला सांगा. हळूहळू विरघळणाऱ्या लांब असराच्या गोळ्या कुटून देऊ नका. या आजाराला इतरही औषधं आहेत. त्यातल्या काहींनी माणसाला जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लागतो. म्हाताऱ्यांना कंपावर देतात त्या काहींनी विसरायला होतं. असं वागणं बदललं, तर स्वभाव म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा. आणि वही ठेवा. पण खरी.

हे दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन पेन्शनदारांच्या हयातीच्या यादीवर सही करतात. आम्ही नऊची गोळी घेऊन रिक्षानं निघतो. काउंटरवर पोचेपर्यंत दहा वाजतात, गोळी लागलेली असते. तिथली मुलगी म्हणते, "आजोबा, अंगठा दिला तरी चालेल." हे मान हलवतात आणि पेन मागतात. अक्षर लहानच आहे, ते आता मोठं होणार नाही. पण शेवटपर्यंत वाचता येतं.

त्या अडीच वर्षांतल्या उरलेल्या गोळ्या बरीच वर्षं कपाटात होत्या. मुदत केव्हाच संपली होती. मी ठेवल्या होत्या, आठवण म्हणून. मागच्या दिवाळीच्या साफसफाईत यांनीच त्या बघितल्या. मला वाटलं, आता बोलतील. हे म्हणाले, "अगं, टाकून दे. आणि नऊ वाजले, आजची आण."